परत न घेता येणारी रेषा

चित्रांमध्ये मला सर्वांत प्रिय कोणते, असे विचारणाऱ्यास मी क्षणाचाही विलंब न लावता म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनाकडे बोट दाखवीन. कारण एका हाती दिवा धरून दुसऱ्या हाताच्या आडोशाने त्याची ज्योत जपणारी, बोटांतून झिरपणाऱ्या आरक्त प्रकाशाने जिचा चेहरा उजळला आहे अशी ती स्त्री तेथे आहे. हे चित्र राजा रविवर्म्याचे, असा समज इतका रूढ झाला आहे की घरोघरच्या तसबिरींखालीही त्याचेच नाव आढळते. वास्तविक रविवर्मा १९०६ साली निवर्तला, आणि हे चित्र १९४५-४६च्या सुमारास सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, दिवाळीत हाती दिवा घेतलेल्या आपल्या कन्येला पाहून रंगविले. ज्याच्या नावे दौलत लिहून द्यावयाची, तो सोडून भलत्याच्याच नावे दप्तरात नोंद व्हावी, तशातलाच हा अन्याय आहे.

परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्याचे माध्यम, जलरंग. तैलरंगात चुकलेला भाग खरवडून त्यावर नवा थर देण्याची मुभा चित्रकाराला असते. जलरंग अशी सवलत देत नाही. कागदावर पाणी एकदा पसरले की ते वाळण्याच्या आत निर्णय व्हावयास हवा, आणि जुन्या शिस्तीचा जलरंगकार तर पांढऱ्या रंगाचाही आश्रय घेत नाही. सर्वांत तेजस्वी जागा म्हणजे त्याने अखेरपर्यंत कोरा राखलेला कागद. इतक्या कठोर अटी पत्करून दिव्याच्या उजेडासारखा क्षणाक्षणाला हलणारा विषय निवडावा, यातील धैर्य मला त्या चेहऱ्याच्या लावण्याइतकेच मोहविते.

संगीतात हाच अनुभव मला सूरश्री केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांनी दिला. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या गायिकेने १९२१पासून अल्लादियाखाँसाहेबांकडे दीर्घकाळ तालीम घेतली. महफिलीत रागाचा विस्तार सावकाश आणि अखंड आकाराने करावा, अशी ती विद्या. अशा गळ्याला ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांची मुदत मिळे, आणि ध्वनिफितीचा प्रसार होण्यापूर्वी तर मध्ये एक स्वर डळमळला तरी संपूर्ण गायन पुन्हा आरंभापासून करावे लागे. एवढ्या अवकाशात रागाचे स्वरूप उभे करून, दमसास राखून, तानेची फेक न गमावता समेवर यावयाचे! त्यांची भैरवीची साडेतीन मिनिटे १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून अवकाशात गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या निवर्तल्या. मला मात्र त्या कीर्तीपेक्षा तो खर्जाकडे झुकणारा, भरदार आणि निःशंक आवाज अधिक प्रिय आहे.

म्हणूनच या दोन्ही कलाकृतींची आज जी वाट लावली जाते, तिच्याविषयी मला तक्रार नोंदवावीशी वाटते. चित्राच्या छापील प्रतींत रंग इतके भडक केलेले असतात की भोवतीच्या अंधाराची मायाच नाहीशी होते. आणि तबकडीची खरखर काढण्याच्या उत्साहात आवाजाची वरची धारही घासली जाते. खरखर मला सोसवते, धार गेलेली सोसवत नाही.

कागदावरील रंग प्रकाशाने विरतात, म्हणून अशा चित्रांवर पन्नास लक्सच्या आसपासचाच मंद उजेड असावा आणि काही महिन्यांनी त्यांना अंधारात विश्रांती मिळावी, हा संग्रहालयशास्त्राचा प्रस्थापित दंडक आहे. आपल्या राज्यातील सरकारी व नगरपालिकांच्या कलादालनांनी त्याची बिनचूक अंमलबजावणी करावी, चित्राखाली कर्त्याचे खरे नाव ठळक लिहावे, आणि समोर एखादे बाकडे ठेवावे, म्हणजे पाहणाऱ्यास घाईने पुढे सरकावे लागणार नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांकडील तबकड्यांच्या प्रती करून त्या मूळ स्वरूपात, खरखरीसह, सार्वजनिक वाचनालयांत ऐकण्यास मिळण्याची तजवीजही सरकारने करावी. तिला लागणारा खर्च एखाद्या उद्घाटन समारंभाच्या मंडपाहून अधिक होणार नाही.