साथ गेली, सवलत कोठे गेली?

गुढीपाडव्याचा सण महाराष्ट्रात शतकानुशतके साजरा होत आला आहे. परंतु २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याची गुढी काही निराळीच होती. दोन वर्षे ज्या निर्बंधांनी घराघरांची दारे लावून घेतली होती, ते सारे निर्बंध राज्य सरकारने त्या दिवसापासून उठविले. तोंडावरची पट्टी ऐच्छिक झाली, मिरवणुका मोकळ्या झाल्या, देवळांतल्या घंटा पुन्हा वाजू लागल्या. सरकारच्या दप्तरी साथ त्या दिवशी संपली. परंतु रेल्वेच्या खिडकीवर मात्र ती संपली नाही. तेथे ती आणखी जवळजवळ तेवीस महिने ठाण मांडून बसली होती, आणि तिकिटाच्या एका कोपऱ्यात तर ती त्यानंतरही बसून राहिली. साथीच्या नावाने जे घेतले, ते साथ सरल्यावर परत द्यावयाचे असते, हा साधा व्यवहार आहे. रेल्वेने तो पाळला काय, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्ही मुंबईच्या उपनगरी गाडीतून पाहत नाही. मुंबईच्या प्रवाशाला वाचा आहे. गाडीत पाय ठेवण्याच्या हक्काकरिता त्याच्या वतीने उच्च न्यायालयाची पायरी चढली गेली, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांस डब्यात प्रवेश मिळाला, तेव्हा त्याची वार्ता देशभर गेली. आम्ही पाहतो ते लोणंदच्या फलाटावरून. पुण्याहून निघालेली गाडी जेजुरी, दौंडज, वाल्हे करीत नीरा नदी ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात शिरताच लोणंदला थांबते. पुढे सालप्याचा चढ, आदर्की, वाठार आणि मग सातारा. मोठा कांद्याचा बाजार, वाढती औद्योगिक वसाहत, आणि आषाढात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, असे हे गाव. येथून पुण्यास जाणारा मनुष्य सहलीस निघालेला नसतो. तो कारखान्यातल्या पाळीस जातो, रुग्णालयात पडलेल्या नातलगास डबा पोहोचवितो, महाविद्यालयात किंवा कचेरीत जातो. मोटार त्याच्यापाशी नाही, आणि एस.टी.चे रोजचे भाडे त्याच्या मिळकतीत बसत नाही. रेल्वे हा त्याचा पर्याय नसून त्याची चाकरीच त्या गाडीवर टांगलेली असते.

ती गाडी २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री थांबली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली तेव्हापासून या देशात महायुद्धे झाली, फाळणी झाली, १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा वीस दिवसांचा प्रचंड संप झाला. परंतु त्या संपातही काही गाड्या धावतच होत्या. देशातील यच्चयावत प्रवासी गाड्या एका हुकमासरशी उभ्या राहिल्या त्या प्रथमच. आम्ही त्या हुकमाला दोष देत नाही. विषाणू माणसाच्या श्वासातून जातो आणि माणूस गाडीतून जातो. तेव्हा गाडी थांबविणे प्राप्तच होते. मे २०२१ मध्ये रेल्वे मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितले की, तोपर्यंत १,९५२ रेल्वे कर्मचारी साथीत मृत्युमुखी पडले होते. ज्या खात्याने एवढी माणसे गमावली, त्याच्या भीतीला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

परंतु गाडी थांबली म्हणून माणसाचे चालणे थांबत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे जे घडले, ते महाराष्ट्राला विसरता येणार नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर आपल्या गावची गाडी मिळावी म्हणून रुळांच्या कडेने भुसावळकडे पायी निघाले होते. थकून ते रुळांवरच निजले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. मालगाडी चालू होती. सोळा माणसे चिरडली गेली, आणि त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाने पाहिल्या. श्रमिकांच्या गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या, आणि ऑगस्टअखेरपर्यंत अशा ४,६२१ गाड्यांनी सुमारे ६३ लाख माणसांस घरी पोहोचविले, हेही येथे नमूद केले पाहिजे. काम मोठेच झाले. ते सुरू होण्यास सव्वा महिना लागला, एवढेच आमचे म्हणणे.

मालाच्या बाबतीत असा विलंब झाला नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी किसान रेल्वे आमच्या शेजारच्या सांगोल्याहून पश्चिम बंगालातील शालिमारला गेली, आणि तिला हिरवा झेंडा स्वतः पंतप्रधानांनी दाखविला. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूसाठी देश तडफडत असताना कळंबोलीहून विशाखापट्टणमला रिकामे टँकर घेऊन गाडी गेली आणि भरून परत आली. ही कामगिरी अभिमानास्पद आहे. रेल्वेने मनात आणले तर ती काय करू शकते, हे त्यावरून दिसते. म्हणूनच, सांगोल्याचे डाळिंब बंगालात पोहोचल्यानंतरही लोणंदच्या माणसाला पुण्याच्या साध्या पॅसेंजरसाठी एवढे तिष्ठावे का लागले, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

लोणंदच्याच एका गाडीची कथा येथे सांगण्याजोगी आहे. लोणंदहून फलटणपर्यंत लोहमार्ग व्हावा ही त्या भागाची कित्येक वर्षांची आस. तो सव्वीस किलोमीटरांचा मार्ग अखेर झाला आणि ११ सप्टेंबर २०१९ रोजी त्यावर गाडी धावली. सहा महिने जेमतेम झाले असतील, तोच टाळेबंदी आली. पुढे ३० मार्च २०२१ रोजी फलटणहून लोणंदमार्गे थेट पुण्याची गाडी सुरू झाली. मंत्र्यांनी दूरदृश्य यंत्रणेवरून झेंडा दाखविला, लोकांनी आनंद केला, आणि पंधराच दिवसांनी, १४ एप्रिलच्या रात्रीपासून, सगळ्या राज्यात संचारबंदी लागू झाली. दैवाने एखाद्या गाडीची इतकी चेष्टा क्वचितच केली असेल! त्या उन्हाळ्यात सातारा आणि सांगली हे जिल्हे साथीच्या अगदी तोंडाशी होते. २ ऑगस्ट २०२१ रोजी राज्याने बहुतेक जिल्ह्यांचे निर्बंध सैल केले, तेव्हा जे अकरा जिल्हे मागे ठेवले त्यांत ही दोन्ही नावे होती. लोणंदच्या लोकांनी तेही निमूटपणे सोसले. दोन आषाढींना माउलींच्या पादुका एस.टी.तून पंढरीला गेल्या. लोणंदचा तळ दोन वर्षे रिता राहिला, नीरेचे स्नान झाले नाही, चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण झाले नाही. ज्या गावाने पालखीचा मुक्काम सोडला, त्याला शिस्त शिकविण्याची गरज नव्हती.

आणि तरीही रेल्वेने त्याला शिस्त शिकविली, ती भाड्याच्या छडीने! गाड्या हळूहळू सुरू झाल्या, पण ‘विशेष’ हे बिरुद लावून. जी गाडी वर्षानुवर्षे पॅसेंजर म्हणून प्रत्येक स्थानकावर धापा टाकीत थांबत आली, तीच गाडी, तोच वेग, तेच डबे. पण भाडे एक्स्प्रेसचे. किमान १० रुपयांचे तिकीट ३० रुपयांचे झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये रेल्वे मंत्रालयाने याचे कारणही देऊन टाकले: लोकांनी अनावश्यक प्रवास टाळावा, गर्दी होऊ नये, म्हणून जवळच्या प्रवासाचे भाडे थोडे अधिक ठेविले आहे. या युक्तिवादाचा अर्थ काय होतो? ज्याच्या खिशात तीस रुपये आहेत त्याचा प्रवास आवश्यक, आणि ज्याच्या खिशात दहाच आहेत त्याचा अनावश्यक! रोगजंतूला माणसाची मिळकत कळत नाही. रेल्वेला मात्र ती कळली. त्याच सुमारास, २६ जून २०२१ रोजी, मुंबई-पुणे डेक्कन एक्स्प्रेसला काचेच्या छताचा डबा जोडण्यात आला, बोरघाटातले धबधबे नीट दिसावेत म्हणून. धबधबे पाहण्यास आमची हरकत नाही. ते पाहण्यासारखेच आहेत. परंतु पाळीवर जाणारा अनावश्यक आणि धबधबा पाहणारा आवश्यक, हे गणित कोणत्या शाळेत शिकवितात?

हा ‘थोडा अधिक’ आकार साथीबरोबर जावयास हवा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये गाड्यांचे ‘विशेष’ हे बिरुद काढण्याचा निर्णय झाला. पॅसेंजरचे भाडे मात्र चढलेलेच राहिले. पाडवा आला, निर्बंध गेले, पालख्या पुन्हा पायी चालू लागल्या. भाडे खाली उतरेना. ते उतरले फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस. ज्या गर्दीला आवरण्याकरिता ते चढविले होते, ती गर्दी करण्याची मुभा सभांना, जत्रांना, क्रिकेटच्या सामन्यांना केव्हाच मिळाली होती. ती नव्हती केवळ पॅसेंजर गाडीतल्या माणसाला. या अवधीत त्याने भरलेला फरक त्याला कोणी परत केला नाही, आणि करावा असे कोणाला सुचलेही नाही.

वृद्धांच्या सवलतीची कथा याहून क्लेशकारक आहे. साठ वर्षांवरील पुरुषांस शेकडा ४० आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांस शेकडा ५० सूट मिळत असे. ती २० मार्च २०२० पासून बंद झाली. हेतू चांगला होता. साथीत सर्वांत अधिक धोका म्हाताऱ्या माणसांना, तेव्हा त्यांनी घरीच राहावे. घरी राहण्यासाठी काढून घेतलेली सूट घराबाहेर पडण्याची परवानगी मिळाल्यावर परत यावी, ही अपेक्षा बाळबोध असेल, पण चुकीची कशी? संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेही २०२२ मध्ये सुचविले की, निदान शयनयान आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गात तरी ही सवलत पुन्हा देण्याचा विचार व्हावा. उत्तर आले ते हिशेबाचे. रेल्वे दरसाल प्रवाशांवर ५६,९९३ कोटी रुपयांचा भार सोसते, प्रत्येक प्रवाशास सरासरी शेकडा ४६ सूट आधीच मिळते, असे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले. हा आकडा आम्ही नाकारीत नाही. रेल्वेला पैसा लागतो आणि तो आकाशातून पडत नाही. परंतु हा हिशेब मार्च २०२० पूर्वीही होताच की! तेव्हा त्यात म्हातारा बसत होता. पैशाअभावी सवलत बंद करावयाची असेल तर तसे संसदेत उघड सांगावे, त्यावर चर्चा होऊ द्यावी, लोकांचा रोष पत्करावा. लोकशाहीत तोही एक मार्ग आहे. रोगाचे कारण सांगून घ्यावयाचे आणि पैशाचे कारण सांगून ठेवावयाचे, हा तो मार्ग नव्हे. माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांप्रमाणे या पाच वर्षांत ज्येष्ठ प्रवाशांकडून सुमारे ८,९०० कोटी रुपये अधिक मिळाले. म्हणजे भाराचा एक वाटा म्हाताऱ्यांनी निमूटपणे उचलला. त्याबद्दल त्यांना दोन शब्दांचे आभारही मिळाले नाहीत.

गाड्यांचेही तेच. मुंबई-कोल्हापूर सह्याद्री एक्स्प्रेस ही या मार्गावरची जुनी, लहानमोठ्या गावांशी नाते ठेवणारी गाडी. साथीत ती बंद पडली. तिच्यासाठी किती निवेदने गेली याची गणती नाही. साडेतीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ती परत आली. पण पुणे-कोल्हापूर एवढीच, आणि तीही ‘विशेष’ म्हणून. पुण्यापुढची मुंबई तिच्या वाटेवरून कापली गेली होती. हरवलेले मूल घरी यावे आणि पाहावे तो त्याचा एक हात नाही, असा हा प्रकार!

साथ आणि रेल्वे यांचा संबंध या प्रांताला नवा नाही. १८९७ च्या प्लेगात जो साथरोग कायदा झाला, त्यातच आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार सरकारने घेतला होता. आणि १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने लागू केला तोही तोच कायदा. त्या काळी फलाटावर रांगेत उभे करून ज्यांच्या काखा आणि जांघा चाचपल्या जात, ते बहुधा तिसऱ्या वर्गाचे प्रवासी असत. तिसऱ्या वर्गाची पाटी १९७४ साली डब्यांवरून पुसली गेली. मनातून ती पुसली गेली आहे काय? आणीबाणीच्या वेळी पहिला घाव कोणावर घालावयाचा आणि आणीबाणी सरल्यावर शेवटी कोणाला सोडावयाचे, हे ठरविताना ती पाटी अजून कोठेतरी वाचली जात असावी, अशी शंका आम्हांस येते.

यापुढे साथ येणारच नाही असे कोणी वैद्य सांगणार नाही. पुन्हा कधी गाड्या थांबवाव्या लागल्या तर लोणंदचा माणूस पूर्वीप्रमाणेच थांबेल. त्याने आजवर कोणत्या हुकमाला नकार दिला आहे? परंतु असा हुकूम काढताना तो किती दिवसांचा आहे हे त्यातच लिहिलेले असावे, आणि मुदत सरताच, नवे कारण देऊन तो पुन्हा काढला नाही तर, तो आपोआप रद्द व्हावा. भाडे, सवलत, थांबे, गाड्या या प्रत्येकाला हा नियम लागू करावा. रेल्वे मंडळाला यासाठी नवा कायदा नको, नवा पैसाही नको.

तूर्त वृद्धांच्या तिकिटापुरते बोलावयाचे तर काम याहूनही सोपे आहे. निदान शयनयानात आणि बसण्याच्या साध्या डब्यात ही सूट पूर्ववत करण्यास ना नवा रूळ टाकावा लागतो, ना बोगदा खोदावा लागतो. मार्च २०२० चा तो हुकूम काढावयास एक दिवस पुरला होता. तो मागे घेण्यासही तेवढाच पुरेल.