खुर्ची आहे, पण बसायची मुभा आहे का?

ऑफिसमधलं ‘कल्चर’ सुधारायचं ठरलं, की आधी येते सर्व्हेची लिंक. मग बीनबॅग, मग टेबल टेनिसचं टेबल आणि शुक्रवारी दुपारी सक्तीची मजा.

माझ्या पहिल्या नोकरीत, एका आयटी कंपनीत, असा सर्व्हे आला होता. ‘कंपनीबद्दल तुम्हाला किती आपुलकी वाटते? 1 ते 5 मध्ये सांगा,’ अशा धाटणीचे 40 प्रश्न. आमच्या टीमचं खरं दुखणं होतं रात्रीची कॅब. शिफ्ट साडेअकराला संपायची, पण रूट असा आखलेला, की शेवटी उतरणाऱ्याला घरी पोहोचायला दीड वाजायचा. सकाळी दहाला पुन्हा मीटिंग. सर्व्हेत कॅबचा ‘क’ही नव्हता. महिन्याभरात बीनबॅग आल्या. त्यानंतर टीममधल्या दोघींनी राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात दोघींनी लिहिलं, ‘वैयक्तिक’.

एचआरमधलं कोणी एक रात्र त्या कॅबमध्ये बसलं असतं, तर 40 प्रश्नांची गरजच पडली नसती.

मानवकेंद्री डिझाइन म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ‘ह्युमन सेंटर्ड डिझाइन’ म्हणतात, त्याचं साधं सूत्र असं: वस्तू किंवा व्यवस्था बनवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाकडे नीट बघा. कॉम्प्युटरसारख्या यंत्रणांसाठी याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ 9241-210. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी.स्कूलमुळे याच विचाराच्या पाच पायऱ्या जगभर पोहोचल्या: माणसाला समजून घ्या, नेमकी अडचण ठरवा, उपाय सुचवा, कच्चा नमुना करा, तो वापरून तपासा.

इंजिनीअरिंगला आम्ही हे अॅप आणि मशिनसाठी शिकलो. आता अनेक कंपन्या तेच ‘एम्प्लॉयी एक्स्पीरियन्स’ या नावाने कर्मचाऱ्यांसाठी वापरू पाहतात. कल्पना चांगली आहे. घोळ होतो तो पहिल्याच पायरीवर. बघण्याऐवजी फॉर्म पाठवला जातो आणि फॉर्ममध्ये तेवढंच येतं, जेवढं विचारणाऱ्याला आधीच सुचलेलं असतं.

केरळची खुर्ची

या विषयावरचं मला सर्वांत पटणारं उदाहरण कुठल्याही चकचकीत ऑफिसातलं नाही. ते कोझिकोडच्या मिठाई तेरुवूमधलं, म्हणजे तिथल्या गजबजलेल्या बाजारपेठेतलं आहे. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या बायका दिवसभर उभ्या असायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही. अनेक दुकानांत स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून बायका पाणीच कमी प्यायच्या.

शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी या बायकांना एकत्र आणलं आणि ‘पेनकूट्टू’ ही संघटना उभी राहिली. आधी मागणी आली स्वच्छतागृहाची, मग बसण्याच्या हक्काची. 2018 मध्ये केरळ सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणं बंधनकारक केलं. त्याच वर्षी बीबीसीच्या 100 महिलांच्या यादीत विजी यांचं नाव आलं. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला.

गंमत बघा. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 44 होतं: उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला, कामात खंड पडेल तेव्हा बसता यावं, म्हणून सोय करा. कारखान्यात उभं राहणाऱ्याचे पाय दुखतात, हे कायद्याला तेव्हाच कळलं होतं. साडीच्या काउंटरमागचे पाय केरळमध्ये दिसायला त्यानंतर 70 वर्षं जावी लागली.

मग अडतं कुठे?

दुकानदाराची बाजूही असते. गिऱ्हाइकासमोर माणूस बसलेला दिसला, तर दुकान आळशी वाटतं, असं त्याला वाटतं. पण आपण बँकेत जातो तेव्हा समोरचा कॅशियर बसूनच असतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. म्हणजे प्रश्न गिऱ्हाइकाचा कमी आणि सवयीचा जास्त आहे.

त्यामुळेच नुसती खुर्ची आणून काम संपत नाही. खुर्ची ठेवली आणि बसल्यावर सुपरवायझरने डोळे वटारले, तर ती खुर्ची रिकामीच राहणार. ऑफिसातही हेच होतं. रजा कागदावर 20 दिवसांची असते, पण मागताना पोटात गोळा येतो. ‘कधीही बोला’ असं सांगणाऱ्या साहेबाच्या केबिनचं दार बंद असतं. माझ्या मते यालाच कल्चर म्हणतात: दिलेली सोय न घाबरता वापरता येते का?

केरळच्या बायकांनी कुठलीही वर्कशॉप केली नव्हती. अडचण त्यांनी स्वतःच ओळखली होती, कारण ती त्यांच्याच पायांत होती. त्यांना हवी होती ती ऐकून घेणारी आणि बदल करू शकणारी व्यवस्था. म्हणून डिझाइनच्या पाच पायऱ्यांना मी सहावी जोडेन: जो ते काम करतो, त्याला निर्णयात जागा द्या.

ऑफिसात काय करता येईल?

- सर्व्हेआधी एक पूर्ण शिफ्ट कर्मचाऱ्यासोबत काढा: कॅब, कँटीन, लॉगिन, सगळं.
- एकच अडचण निवडा. ड्युटीचा तक्ता आदल्या रात्री येत असेल, तर एका टीमला तो दोन आठवडे आधी देऊन बघा.
- महिन्याने त्याच लोकांना विचारा, फरक पडला का? नसेल, तर उपाय बदला.

यातल्या कशालाच बीनबॅगइतकाही खर्च येत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो, आणि तोही वरिष्ठांनी.

पुढच्या वेळी कपड्यांच्या दुकानात गेलात, तर काउंटरच्या पलीकडे नजर टाका. स्टूल आहे का? असेल, तर त्यावर कोणी बसलंय का? त्या दुकानाचं कल्चर तुम्हाला तिथेच कळेल.