आधी गाड्या, मग गिऱ्हाईक

जर्मनीत श्टुटगार्टजवळ बोब्लिंगेन ते डेटेनहाउझेन हा १७ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९१०-११ साली सुरू झाला. मोटारी वाढल्या, तशा १९६० च्या दशकात उतारू गाड्या बंद पडल्या. पुढे दोन जिल्ह्यांनी मिळून मार्ग हाती घेतला आणि डिसेंबर १९९६ पासून दर अर्ध्या तासाला गाडी सोडली. अंदाज रोज २,५०० उतारूंचा होता. तो लवकरच मागे पडला! दुकान दिवसभर उघडे राहिले की गिऱ्हाईक फिरकते, हे आम्हा व्यापाऱ्यांना कोणी सांगायला नको. २०१९ पर्यंत विद्युतीकरण झाले, काही भाग दुहेरीही झाला. खर्चाचा बोजा जिल्ह्यांच्या तिजोरीवर आहेच. तरी उद्या हात आखडावा लागला, तर आमच्या मते इतर कामे थांबवावीत, अर्ध्या तासाच्या गाडीला हात लावू नये.