ऐपतीची चाळणी

मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म इंटर्न निवडताना विद्यार्थ्याच्या घरची ऐपत मोजतात आणि तिला गुणवत्ता म्हणतात. मी मराठवाड्यातल्या एका लॉ कॉलेजात करार कायदा आणि कंपनी कायदा शिकवते. दर वर्षी मुलांचे अर्ज तपासून देते, शिफारसपत्रं लिहिते आणि वर्गातली सगळ्यात तयारीची मुलं पहिल्याच चाळणीत गळताना बघते. मला याचा संताप येतो.

फॉर्मच बघा. कॉलेजचं नाव, सीजीपीए, मूट कोर्टच्या स्पर्धा, छापून आलेले लेख, आधीच्या इंटर्नशिप. आता एकेका रकान्यामागचा खर्च मोजा. नामवंत राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवं तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची. खुल्या गटातल्या मुलाला नुसता अर्ज भरायला चार हजार रुपये, क्लासची फी निराळी, प्रवेश मिळालाच तर वर्षाची फी लाखांत. मूटला जायचं तर संघाची नोंदणी फी, प्रवास, मुक्काम. लेखाचं तर बोलूच नये. पैसे भरले की काहीही छापणारी जर्नल बोकाळली आहेत आणि तिसऱ्या वर्षाची पोरं त्यांना फी मोजून आपलं नाव छापून घेतात, कारण तो रकाना रिकामा ठेवायची त्यांना भीती वाटते. राहिली आधीची इंटर्नशिप. तिच्यासाठी त्याच्या आधीची लागते, आणि सगळ्यात पहिली कुणाच्या तरी काकांच्या शब्दावर मिळते. ज्याचे काका वकील नाहीत त्याने कुठून सुरुवात करायची?

एवढं करून निवड झालीच तर मुंबईत महिनाभर राहायचं. काही फर्म मानधन देतात, पण ते महिना भरल्यावर हातात पडतं. पीजीचं डिपॉझिट पहिल्या दिवशी द्यावं लागतं. लोअर परळच्या ऑफिसातून रात्री अकराला सुटणाऱ्या मुलीला परवडेल आणि जवळही असेल अशी खोली मिळत नाही. दोन मुलांना मी निवड होऊनही नकार कळवताना पाहिलं आहे. फर्मच्या दफ्तरी त्यांची नोंद ‘उमेदवाराला रस नाही’ अशीच झाली असणार.

आणि हा केवळ अनुभवाचा प्रश्न नाही. मोठ्या फर्म नोकऱ्या देतात त्या मुख्यतः दोन वाटांनी: मोजक्या विद्यापीठांत ‘डे झिरो’ला, म्हणजे कॅम्पस भरतीच्या पहिल्याच फेरीत, नाहीतर इंटर्नशिपमधून पारखून. पहिली वाट आमच्या कॉलेजपर्यंत येतच नाही. दुसरी वर सांगितली तशी आहे. म्हणजे विसाव्या वर्षी महिन्याचा खर्च कोण सोसू शकतं, यावर पुढच्या तीस वर्षांच्या व्यवसायाचा निकाल लागतो.

बार कौन्सिल ऑफ इंडिया काय करते? तिच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची केली. सक्ती मुलांवर. मुलांना राबवून घेणाऱ्यांवर मानधनाची सक्ती त्या नियमांत नाही. २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार मानधन द्यावं असं परिपत्रक निघालं, तीही शिफारसच, आणि ती सनद मिळाल्यानंतरची. शेजारच्या सीएच्या व्यवसायाकडे बघा. तिथे आर्टिकलशिपची नोंदणी होते आणि शहराच्या लोकसंख्येनुसार किमान विद्यावेतन नियमानेच ठरलेलं असतं. ते तुटपुंजं आहे, तरी नियम आहे. दुसऱ्यांचे करार लिहून पोट भरणाऱ्या वकिलांना आपल्याच उमेदवारांशी धड करार करता येऊ नये, याची शरम वाटायला हवी.

मुंबईतल्या सॉलिसिटरांच्या दाराला इतिहासही आहे. १९२३ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा ओरिजिनल साइडचं काम बॅरिस्टरकडे सॉलिसिटरमार्फतच येत असे. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या या माणसाला सॉलिसिटरांनी काम दिलं नाही, कारण त्यांची जात. संसार चालवायला त्यांनी १९२५ ते १९२८ बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९३५ मध्ये ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. आज फॉर्मवर जात विचारत नाहीत. कॉलेज विचारतात, ‘रेफरन्स’ विचारतात, मुलाखतीत इंग्रजीचा सूर ऐकतात. कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार, हे तेवढ्यावरही बरंचसं ठरतं.

भागीदार मंडळी मला सांगतात, “मॅडम, अर्ज इतके येतात, कुठेतरी रेघ मारावीच लागते.” मारा की. पण ती कॉलेजच्या नावावर का? नाव आणि कॉलेज झाकून प्रत्येकाला एक सदोष नुकसानभरपाईचं कलम द्या, एका तासात दुरुस्त करून मागा. कोणाला कायदा येतो ते लगेच कळेल. इंग्रजी मसुदा लिहिणं सहा महिन्यांत शिकवता येतं; मी शिकवते.

तुमच्याकडे जे नाही ते माझ्या मुलांकडे आहे, हेही सांगते. भिवंडीत गोदामासाठी किंवा रायगडात कारखान्यासाठी जमीन घेताना टायटल तपासायचं म्हणजे सातबारा आणि जुने फेरफार वाचायचे. भोगवटादार वर्ग-२ ही नोंद दिसली की परवानगी कुणाची लागेल, कुळाला मिळालेल्या जमिनीवर कुळकायद्याच्या कलम ४३ चं बंधन अजून आहे की उठलं, हे त्या मराठी कागदातच लिहिलेलं असतं. माझी एक विद्यार्थिनी शाळेत असल्यापासून वडिलांबरोबर तलाठ्याच्या कार्यालयात जात होती. वारसनोंदीतली चूक तिला नजरेनेच सापडते. तिने एका मोठ्या फर्मच्या रिअल इस्टेट विभागात अर्ज केला. नकार सोडाच, पोचसुद्धा आली नाही. फॉर्ममध्ये सातबारा वाचता येतो का, असा रकानाच नव्हता. कोट्यवधींचे जमिनीचे व्यवहार त्या कागदांवर उभे असताना फर्मला ती मुलगी नको आणि पैसे देऊन छापलेला लेख हवा!

या वर्षी मुलांच्या अर्जांबरोबर मी प्रत्येक फर्मला एक पत्र पाठवणार आहे. गेल्या पाच वर्षांत घेतलेल्या इंटर्नपैकी किती जण सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतले होते, किती जण भागीदारांच्या किंवा अशिलांच्या नात्यातले होते आणि किती जणांना पहिल्या दिवशी काही रक्कम हातात दिली, एवढंच विचारणार आहे. जी उत्तरं येतील ती कॉलेजच्या सूचनाफलकावर लावणार, आणि जी फर्म उत्तर देणार नाही तिच्या नावापुढची जागा कोरी ठेवणार.