आधी मोजा, मग आकडा बदला

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार होते, तेव्हा भट्टीतला रस ओतण्याआधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. कार्बन किती, गंधक किती, फॉस्फरस किती हे स्पेक्ट्रोमीटर सांगतो आणि मग भट्टीत काय घालायचे ते ठरते. रसाचा रंग पाहून अंदाज बांधणारे मुरलेले मिस्त्री असतातच आणि त्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो, पण आकडा हातात आल्याशिवाय घाई परवडत नाही. पोलादाच्या बाबतीत अंगवळणी पडलेली ही शिस्त इंजिनाच्या बाबतीत मात्र आपण सहज सोडून देतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, जवळपास सगळ्या नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी इंजेक्टर व संगणक आला. तरी गाडी मिस मारू लागली की पहिला हात पडतो तो सेटिंगवर. रस्त्यावरच्या गाडीत या घाईची किंमत फार तर टोइंगचा खर्च. घरी बांधलेल्या विमानात ती किंमत वेगळी असते. महाराष्ट्रात असे विमान कोणी बांधले की आपण एक तर त्याची पाठ थोपटतो, नाही तर परवानगी अडवणाऱ्या सरकारी खात्याला शिव्या घालतो. त्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे प्रमाण कोणी, कसे, कशाच्या आधारावर ठरवले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा. मिश्रण बिघडल्याचा संशय आला, तर संगणकातला पेट्रोलचा तक्ता हा हात लावायची शेवटची जागा आहे, पहिली नव्हे.

हे का, ते समजण्यासाठी हा संगणक काय करतो ते पाहावे लागेल. हौशी विमानांत बहुधा वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत इंजिनात शिरणारी हवा तो थेट मोजत नाही. इनटेक नळीतला दाब, त्या हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे एवढ्यावरून तो हवेचे वजन काढतो, तक्त्यात पाहतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. म्हणजे सगळा हिशेब दोन-तीन सेन्सरच्या शब्दावर चालतो. जालना समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंशांत इथली हवा डिसेंबरमधल्या दहा अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. विमानाच्या भाषेत सांगायचे तर त्या दुपारी जालन्याच्या धावपट्टीवर उभे असलेले इंजिन सोळाशे मीटर उंचीवर असल्यासारखे वागते. सेन्सर खरे बोलत असतील तर संगणक हा फरक आपोआप सांभाळतो. पण तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या झाकणाखाली तापलेल्या धातूवर बसवला असेल आणि ४२ अंशांची हवा त्याला ६० अंशांची वाटत असेल, तर संगणक पाच टक्के पेट्रोल कमी सोडतो. इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालते. बांधणारा लॅपटॉप उघडतो आणि तक्त्यात पाच टक्के वाढवतो. दुपारचे दुखणे गेले, पण सकाळी थंड इंजिन काळा धूर सोडू लागते. मग सकाळसाठी पुन्हा आकडे बदलणे आले. दोष होता सेन्सरच्या जागेत, आणि तो आता तक्त्याच्या शेकडो घरांत पसरला.

दोषाला स्वतःचा आकार असतो. तो नीट पाहिला तर निम्मे काम तिथेच होते. सगळ्या फेऱ्यांवर, सगळ्या भारावर मिश्रण सारख्याच टक्क्यांनी चुकत असेल तर पाहायचे पेट्रोलच्या प्रेशरकडे, इंजेक्टरच्या मापाकडे किंवा टाकीतल्या इंधनाच्या जातीकडे. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे प्रेशर दहा टक्के घसरले की पेट्रोल पाच टक्के कमी पडते. पूर्ण रेसवरच लीन होत असेल तर फिल्टर चोक असेल, पंप दमत असेल, किंवा उन्हात तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होत असेल. फक्त आयडलला गडबड असेल तर एखाद्या सांध्यातून हवा ओढली जात असेल किंवा व्होल्टेज कमी असेल. हे व्होल्टेजचे प्रकरण बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. हुकूम मिळाल्यावर इंजेक्टर प्रत्यक्ष उघडायला साधारण एक मिलिसेकंद घेतो आणि व्होल्टेज उतरले की हा वेळ वाढतो. आयडलला इंजेक्टर मुळातच दोन-तीन मिलिसेकंद उघडत असल्याने तिथे हा फरक मोठा दिसतो. म्हणून अल्टरनेटर मेला किंवा अर्थिंगची तार सैल झाली की पहिले लक्षण पेट्रोलच्या दुखण्यासारखे दिसते. आणि या सगळ्यांहून फसवे म्हणजे खुद्द ऑक्सिजन सेन्सर. तो पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरचा प्लग मिस मारत असेल, तर न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो आणि सेन्सर सांगतो की इंजिन लीन आहे. सायलेन्सरच्या सांध्याला सेन्सरच्या आधी फट असेल तरी तो तेच सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवले की आधीच ओला झालेला प्लग आणखी ओला होतो. गंमत म्हणजे असा माणूस आपण मापाच्या आधाराने चाललो आहोत अशाच समजुतीत असतो. एकच माप घेऊन त्यावर निर्णय करणे हे न मोजण्यापेक्षा फारसे बरे नाही. सेन्सरचे म्हणणे प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या तापमानाशी, प्रेशर गेजशी आणि व्होल्टेजशी ताडून पाहिले तरच ते माप.

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला एक नवी घडामोड येऊन चिकटली आहे, ती म्हणजे पंपावरचे पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचे ई२० आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर झाले. उसाच्या आणि मक्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी इथेनॉलला नावे ठेवण्याचे कारण नाही, अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्याला तर नाहीच. इथेनॉल आघात-ज्वलनाला चांगले तोंड देते आणि सिलिंडर थोडे गारही ठेवते. प्रश्न हिशेबाचा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग पुरते. ई२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास बसतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागते. शुद्ध पेट्रोलवर बसवलेला तक्ता ई२० वर तेवढाच लीन पडतो. २०२५ मध्ये गाड्यांच्या मायलेजवरून बराच आरडाओरडा झाला. विमानात हाच फरक टेकऑफच्या वेळी, पूर्ण ताकदीवर, सिलिंडर जळण्याच्या रूपाने पुढे येऊ शकतो. विमानांची इंजिने करणारी लायकॉमिंग कंपनी इथेनॉल असलेले पेट्रोल मुळीच चालवून घेत नाही. हलक्या विमानांत जगभर दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ मालिकेला दहा टक्क्यांपर्यंत चालते, वीस नाही. मोटारीचे इंजिन बसवणाऱ्याला असा कोणताही कागद मिळत नाही, त्याला स्वतःच शोधावे लागते. त्यात आणखी एक मेख आहे. ऑक्सिजन सेन्सरला जोडलेले बहुतेक गेज शुद्ध पेट्रोलच्या मापात आखलेले असतात. टाकीत ई२० असले तरी मिश्रण अचूक असताना ते १४.७ च दाखवतात. ज्याने ई२० साठी साडेतेरा हे लक्ष्य वाचून गेजवर साडेतेरा आणायचा प्रयत्न केला, त्याने इंजिन विनाकारण रिच केले. त्यापेक्षा लॅम्डा हा आकडा पाहावा. इंधन कोणतेही असो, अचूक मिश्रणाला तो एकच असतो.

याला पुरावा काय, असे कोणी विचारेल. अमेरिकेत घरी विमान बांधण्याची परंपरा जुनी आहे, अशा बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून काम करते, तरीही तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले ते असे: खासगी व हौशी वापराच्या विमानांत अशी विमाने सुमारे दहा टक्के, पण २०११ च्या अपघातांत त्यांचा वाटा पंधरा टक्के आणि जीवघेण्या अपघातांत एकवीस टक्के. इंजिन आणि इंधनव्यवस्थेतले बिघाड हे त्यामागचे एक ठळक कारण होते आणि बरेचसे अपघात पहिल्या थोड्याच उड्डाणांत झालेले होते. मंडळाने केलेल्या शिफारशींत एक अशी होती की परवाना देण्याआधी इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी होऊन तिचा अहवाल दाखल व्हावा. आपल्याकडचे उदाहरण जालन्यापासून फार लांबचे नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या एका चोवीस वर्षांच्या कारागिराने मारुती ८०० चे इंजिन लावून हेलिकॉप्टर बांधले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत पाते तुटून त्यातच त्याचा जीव गेला. तिथे दोष मिश्रणाचा नव्हता, पात्याचा होता, हे स्पष्ट सांगायला हवे. पण चाचणी कोणत्या क्रमाने, कोणी किती अंतरावर उभे राहून, कशाची खात्री झाल्यावर करायची, हे सांगणारे त्याच्याजवळ कोणी नव्हते, आणि इंजिनाच्या तक्त्यापुढे बसणाऱ्यालाही आज कोणी नाही. दुसरे टोक कॅप्टन अमोल यादव यांचे. मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, उड्डाणाच्या परवानगीसाठी २०१९ उजाडले आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. यादव स्वतः वैमानिक आहेत, म्हणून चाचणी टप्प्याटप्प्याने करायची असते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आपण मात्र त्या कथेतून फक्त जिद्द आणि फायलींचा प्रवास एवढेच लक्षात ठेवले.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप अनुभवी मेकॅनिकचा: आम्ही आयुष्यभर कानाने इंजिने लावली, ती चालली. चाललीच, यात शंका नाही. पण कार्बोरेटरला फिरवायचे स्क्रू एक-दोन होते, पेट्रोल एकाच जातीचे होते, आणि कान ऐकत होता तो आयडलचा आवाज. टेकऑफच्या ताकदीवर पंख्याच्या गोंगाटात कोणता सिलिंडर लीन आहे हे कोणत्याही कानाला कळत नाही. कान काही तरी बिघडले आहे हे लवकर सांगतो. कुठे बिघडले हे सांगणे त्याचे काम नाही. दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: सेन्सरवरून स्वतःच आकडे दुरुस्त करणारे संगणक आता मिळतात, मग डोकेफोड कशाला? याच कारणासाठी. फिल्टर हळूहळू चोक होत असताना असा संगणक महिनाभर निमूट पेट्रोल वाढवत राहतो आणि लक्षण झाकतो. दुरुस्तीची मर्यादा संपली की दोष एकदम, बहुधा पूर्ण ताकदीवर, समोर येतो. ही सोय तक्ता बसवताना जमिनीवर जरूर वापरावी, उडताना तिची लुडबुड थोड्या टक्क्यांपुरती बांधून ठेवावी आणि तिने किती दुरुस्ती केली याची नोंद रोज वाचावी. शिवाय शिसे असलेले विमानाचे पेट्रोल भरले तर तो सेन्सर काही तासांत निकामी होऊ लागतो. सगळा भरवसा त्याच्यावर टाकणाऱ्याला हे उशिरा कळते.

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. जालन्यात विमान बांधतो कोण? चार हौशी पोरांसाठी एवढा खटाटोप कशाला? एक तर फुलसावंगीत कोणी हेलिकॉप्टर किंवा चारकोपमध्ये कोणी विमान बांधेल असेही कोणाला वाटले नव्हते. अशी माणसे अर्ज करून येत नाहीत. ती आधी बांधतात, मग आपल्याला कळते. दुसरे म्हणजे हे कौशल्य विमानापुरते नाही. भोकरदन, परतूर, घनसावंगीच्या गॅरेजांत रोज येणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांना नेमके हेच लागते आणि ई२० नंतर जास्तच लागते. जालन्यात आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून इथे आहे. इंधन तपासणारी माणसे आणि इंजिन उघडणारी माणसे एकाच शहरात असूनही ती एकमेकांना सहसा भेटत नाहीत. एक साधा चाचणी-स्टँड, चार गेज आणि बाहेरच्या माणसासाठी आठवड्यातून एक दुपार एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. नियम कडक केले की हौस मरते, असेही म्हटले जाते. परवान्याच्या नियमांबद्दल ते खरे असेल. पण इथे मागणी परवान्याची नाही, वहीची आहे: तारीख, तापमान, टाकीतले इंधन, प्रेशर, व्होल्टेज, बदललेला एकच आकडा आणि तो का बदलला याचे कारण. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कोणत्या गोष्टीने फरक पडला ते सांगता येत नाही, हे दहावीच्या प्रयोगवहीतलेच आहे.

खर्चाचा मुद्दा राहिला. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे पाहायला खुणा असलेली काचेची नळी पुरते. ठरावीक पेट्रोलात ठरावीक पाणी घालून हलवले की इथेनॉल पाण्यात उतरते आणि पाण्याची रेघ जेवढी वर सरकते त्यावरून प्रमाणाचा अंदाज येतो. पेट्रोल पुरेसे पोहोचते का, ही त्याहून महत्त्वाची चाचणी. विमानाचे नाक चढाईच्या कोनात वर टेकवायचे, टाकीत तळाशी थोडेच पेट्रोल ठेवायचे, इंजेक्टरकडे जाणारी नळी सोडवून पंप चालू करायचा आणि मिनिटाला किती पेट्रोल येते ते भांड्यात मोजायचे. पूर्ण ताकदीवर इंजिनाला जेवढे लागते त्याच्या किमान सव्वापट यायला हवे, पंपाविना नुसत्या उतारावर चालणारी व्यवस्था असेल तर दीडपट. विमानांच्या जुन्या नियमांतलेच हे प्रमाण आहे. मोकळी जागा, वाळूची बादली, वजनकाटा आणि घड्याळ एवढ्यात ही चाचणी उरकते. त्यात पेट्रोल कमी भरले, तर त्या दिवशी लॅपटॉप उघडायचे काही कारणच उरत नाही.