हाताजवळचं पुस्तक

एक सोपा खेळ सांगतो. हाताला लागेल ते पहिलं पुस्तक उचला, कुठलंही पान उघडा आणि वरून पाचवं वाक्य मोठ्यानं वाचा. अट एकच, चांगलं दिसावं म्हणून पुस्तक बदलायचं नाही.

परवा आमच्या खोलीत हा खेळ झाला. एकाच्या हाताला मेकॅनिक्स लागलं, दुसऱ्याच्या गाईड, तिसऱ्याच्या तर मेसच्या हिशोबाची वही! हसून हसून पोट दुखलं. नंतर मात्र वाईट वाटलं. चौघांच्या खोलीत अभ्यासाबाहेरचं एकही पुस्तक नव्हतं.

मी परभणीजवळच्या पेडगावचा. आमच्याकडे सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. अठरा अध्याय, नऊ हजार ओव्या, सात दिवसांत. माझ्या आजीला सहीसुद्धा येत नव्हती, पण ऐकून ऐकून कितीतरी ओव्या पाठ होत्या. पोथी तिच्या हातात कधी आली नाही, कानात मात्र आली. संत जनाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. त्यांचे अभंग आजवर टिकले, कारण ते लोकांच्या तोंडी राहिले. नुसते कपाटात असते तर?

कुणी म्हणेल, सबमिशन, व्हायवा, केटी, यातून वेळ कुठाय? बी. रघुनाथ हेही आमच्याच भागातले, सातोन्याचे. जन्म १९१३ चा. बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ साली, अवघ्या चाळिशीत ते गेले. त्यांनी नोकरी सांभाळून एवढं लिहिलं, अन् आपल्याला एक पान वाचणं होत नाही!

मोबाईलवर सगळं मिळतं, कबूल. पण तिथं ज्यानं त्यानं मान खाली घालून वाचायचं. शेजारच्या कॉटवरच्याला पत्ताच नसतो.

म्हणून एक सुचवतो. सुट्टीहून येताना प्रत्येकानं घरून एक पुस्तक आणावं. मेसमध्ये एक फळी ठोकू, त्यावर ती ठेवू. रोज रात्री जेवणं झाली की एकानं उठून आवडलेला उतारा वाचायचा. पाचच मिनिटं. रेक्टर सरांचीही पाळी लावू. आणि वाचायचं जरा मोठ्यानं, आत भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना ऐकू जाईल असं.

बघा, जमतंय का. पहिली पाळी माझी.