वडिलांचं नाव नथू

होस्टेलमध्ये स्वतःचं नाव चालत नाही, बापाच्या नावानं हाक मारतात. फर्स्ट इयरला कुणीतरी माझा फॉर्म वाचला आणि मी 'नथ्या' झालो. लाज वाटायची. सगळीकडे नुसतं 'एन.' लिहू लागलो.

दिवाळीत भुसावळहून एसटीनं गावी गेलो, तेव्हा आजीला विचारलं. ती म्हणाली, "तुह्या बापाच्या आधी दोन पोरं गेले रे. मंग याचं नाक टोचलं, नथ घातली."

मुलगी समजून काळ मागे फिरेल, ही समजूत! त्यात मुलीला कमी लेखणं होतंच, ते मी झाकणार नाही. पण नाव आलं ते धास्तीतून, मायेतून. दगडू, धोंडू, भिका, उखर्डू ही त्याचीच भावंडं. नाव ओबडधोबड ठेवलं की पोराला दृष्ट लागत नाही म्हणे.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. त्यांच्या पतींचं नावही नथूजीच होतं!

तेव्हा मित्रहो, बापाच्या नावानं हाक जरूर मारा, पण ते नाव का ठेवलं हे एकदा घरी विचारून या. यंदाच्या परीक्षेच्या फॉर्मवर मी 'नथू' पूर्ण लिहिलंय.